घरपट्टी आणि तीस रुपये सत्तेचाळीस पैसे

गेल्या जूनमधली गोष्ट. सोमवार, सकाळचा साडेदहाचा स्टँडअप कॉल चालू, आणि बाबांचा फोन. बाबा ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नाहीत. केला की काहीतरी झालेलं असतं. मी इकडे म्यूट केलं आणि तिकडे उचलला.

"घरपट्टी आलीये. एक हजार नऊशे बेचाळीस."

"बरं, मग?"

"गेल्या वर्षी चारशे दहा होती."

"बाबा, मी संध्याकाळी पैसे पाठवतो ना. आत्ता कॉलवर आहे."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "पैसे नाहीत म्हणून फोन नाही केला मी." आणि ठेवून दिला.

आता बाबांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली. आत किती माल आला, बाहेर किती गेला, शिल्लक किती, हे त्यांचं आयुष्य. रजिस्टरात एक नोंद चुकली की हा माणूस रात्री नीट झोपायचा नाही. त्यांच्या लेखी दीड हजार रुपये ही अडचण नव्हतीच. कुठेतरी एका रजिस्टरात आपलं घर चुकीचं लिहिलं गेलंय, ही अडचण होती. मला हे कळायला पुढचे तीन शनिवार गेले. त्या तीन शनिवारांबद्दल आज लिहितोय.

आमचं घर पालघर तालुक्यात, किनाऱ्याजवळच्या एका गावात आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले भाऊसाहेब (ग्रामसेवकांना २०२४ पासून 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणायचं असतं, पण गाव भाऊसाहेबच म्हणतं) भला माणूस आहेत आणि जे झालं त्यात कोणी खलनायक नाही. मामाचं गाव मात्र सांगतो : दातिवरे. सफाळ्याला उतरायचं आणि पश्चिमेला समुद्राकडे जायचं. वैतरणेच्या मुखाशी हे गाव आहे, पलीकडे अर्नाळा. मालाडच्या भाड्याच्या वन बीएचकेतून शुक्रवारी रात्री निघालो की विरारला डहाणू लोकल पकडायची आणि शनिवार-रविवार कधी आमच्याकडे, कधी मामाकडे, असा माझा शिरस्ता.

तर, पहिल्या शनिवारी मी आणि बाबा ग्रामपंचायतीत गेलो आणि 'नमुना ८' चा उतारा मागितला. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. गावातल्या प्रत्येक घराची त्यात एक ओळ असते : मालक कोण, क्षेत्रफळ किती, बांधकाम कसलं, कधीचं, वापर कशासाठी. गावाकडे 'आठ अ चा उतारा' म्हणतात तो वेगळा, शेतजमिनीचा. माझा इथेच पहिला घोटाळा झाला आणि बाबांनी माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीवर एक प्रेमळ शेरा मारला. :)

उताऱ्यावर आमचं घर असं होतं : ८० चौरस मीटर, आरसीसी, बांधकाम वर्ष २०१९, निवासी.

घर आजोबांनी १९६१ साली बांधलं. विटांच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटा. २०१९ मध्ये आजीचं खुब्याचं हाड मोडलं. रात्री-बेरात्री मागच्या अंगणात जाणं तिला शक्यच नव्हतं, म्हणून घराला लागून संडास-न्हाणीघर बांधलं आणि त्यावर स्लॅब टाकून पाण्याची टाकी बसवली. सगळं मिळून १२ चौरस मीटर. रस्त्यावरून पाहिलं तर कौलांच्या मागून तो स्लॅब आणि टाकी तेवढी दिसते. फेरआकारणीच्या वेळी कोणीतरी रस्त्यावरूनच पाहिलं असणार. स्लॅब दिसला, आरसीसी लिहिलं. वर्ष विचारलं तर आजी म्हणाली असेल २०१९, कारण तिच्या डोक्यात तेच वर्ष आहे. झालं! ६४ वर्षांचं कौलारू घर एका ओळीत तरणंताठं आरसीसी होऊन बसलं.

आता थोडं गणित. कंटाळू नका, आपल्या धंद्यातल्या माणसाला यात मजा येईल. पूर्वी ग्रामपंचायतीची घरपट्टी क्षेत्रफळावर होती, इतक्या फुटाला इतके. ३१ डिसेंबर २०१५ ला राज्य सरकारने ग्रामपंचायतींच्या कर आणि फी नियमांत दुरुस्ती केली आणि आकारणी भांडवली मूल्यावर आणली. सूत्र साधारण असं :

भांडवली मूल्य = [(क्षेत्रफळ × जमिनीचा दर) + (क्षेत्रफळ × बांधकामाचा दर × घसारा)] × वापराचा भारांक

जमिनीचा आणि बांधकामाचा दर सरकारी, म्हणजे ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो तो. घसारा घराच्या वयावर. घर जितकं जुनं तितका आकडा लहान. भारांक निवासी वापराला १, औद्योगिकला १.२०, वाणिज्यला १.२५. जे मूल्य येईल त्याच्या दर हजारी काही पैसे ही घरपट्टी. हे पैसे ग्रामपंचायत ठरवते, पण सरकारने घालून दिलेल्या किमान-कमाल मर्यादेत, आणि मातीच्या घराला कमी, आरसीसीला जास्त.

तुम्हाला फोनवर करता यावं म्हणून मी दर गोल करतो. जमीन २,०००, आरसीसी बांधकाम २०,०००, विटा-सिमेंट १५,०००. नव्या बांधकामाचा घसारा ०.९, साठी उलटलेल्या घराचा ०.३. आरसीसीला हजारी १२० पैसे, विटांच्या घराला ७५.

रजिस्टरातलं घर : ८० × २,००० = १,६०,०००. ८० × २०,००० × ०.९ = १४,४०,०००. एकूण १६ लाख. घरपट्टी १,९२० रुपये.

खरं घर : जुना भाग ६८ मीटर, मूल्य ४,४२,०००, घरपट्टी ३३१.५०. नवा भाग १२ मीटर, मूल्य २,४०,०००, घरपट्टी २८८. एकूण ६१९.५०.

म्हणजे सूत्र बरोबर, कोड बरोबर, इनपुट चूक. आपल्याकडे असा बग सापडला तर आपण टिकीट काढतो, डेटा दुरुस्त करतो, पुढच्या कामाला लागतो. इथे त्याच टिकिटाला 'अपील' म्हणतात आणि नुसत्या त्या शब्दाने माणसं घाबरतात.

आई म्हणालीच, "मुकाट्याने भरून टाका. उद्या त्याच ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी जायचंय." हे नुसतं भित्रेपण नव्हे. गावात कारकून हा कोणाचा तरी पुतण्या असतो, शिपाई तुमच्या वर्गात असतो, सरपंच लग्नात पंगतीला शेजारी असतो. 'तुमचं चुकलंय' असं लेखी देणं म्हणजे भांडण काढणं, असा समज. आणि माझं कारण याहून लाजिरवाणं होतं. मी मनात हिशेब केला होता की तीन शनिवार घालवून वाचणार किती, तर तेराशे रुपये. एका सिनेमाला दोघं गेलो आणि बाहेर जेवलो तर तेवढे जातात. शिकलेल्या, कमावत्या माणसाला चुकीचं बिल भरून टाकणं परवडतं, म्हणून तो भरून टाकतो. आणि वर त्याला वाटतं की आपण प्रॅक्टिकल आहोत.

दोन वर्षांपूर्वी मी आठ महिने डॅलसला ऑनसाइट होतो. टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे घरावरचा कर चांगलाच जड. दर वर्षी घराची सरकारी किंमत कळवणारी नोटीस येते आणि साधारणपणे १५ मे पर्यंत त्यावर हरकत घेता येते. माझा तिथला मॅनेजर, अत्यंत शांत माणूस, दर वसंतात शेजारच्या घरांच्या किमती, छताचे फोटो, दुरुस्तीची कोटेशनं अशी फाईल घेऊन सुनावणीला जायचा. कोणावर रागावून नाही. गाडीची सर्व्हिसिंग करावी तसा. तेव्हा मला ते भारी वाटलं होतं. आपल्या गावात तेच करायची वेळ आली तेव्हा मात्र मी पैसे पाठवून मोकळा होणार होतो!

आणि हे फक्त अमेरिकेतच होतं असंही नाही. मुंबई महापालिकेने २०१० पासून भांडवली मूल्यावर कर लावायला घेतला. मालमत्ताधारक कोर्टात गेले, आणि त्या नियमांतले काही नियम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल कायम केला. पण तिथे बिल्डर होते, संघटना होत्या, मोठे वकील होते. गावातल्या कौलारू घरासाठी कोण कोर्टात जाणार? त्याची गरजही नाही म्हणा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्येच अपिलाची सोय आहे. आकारणीची यादी लागते तेव्हा हरकत ग्रामपंचायतीत घ्यायची. पुढचं अपील पंचायत समितीकडे. वकील लागत नाही. साधा अर्ज, उतारा, घराचे फोटो, जुन्या पावत्या.

आमची हरकतीची मुदत केव्हाच उलटली होती. यादी फलकावर लागली होती म्हणे. लागली असेलही. फलक ज्या भिंतीवर आहे तिथे एक कपाट पण आहे. असो. बाबांनी बिल 'हरकत राखून' असं लेखी देऊन भरलं आणि मी अपिलाचा अर्ज लिहायला बसलो.

खरी गंमत इथून पुढे आहे.

अर्जात मी लिहिलं, 'घराच्या नोंदी वस्तुस्थितीप्रमाणे दुरुस्त कराव्यात.' आणि हात थांबला. कारण उताऱ्यावरची आणखी एक नोंद वस्तुस्थितीप्रमाणे नव्हती. वापर : निवासी. आमच्या जुन्या भागातल्या पुढच्या दोन खोल्या, २५ चौरस मीटर, काका दोन वर्षांपासून शनिवार-रविवार पर्यटकांना देतात. मासळीचं जेवण, समुद्र, दोन रात्री. केळव्याला गर्दी झाली की आमच्याकडेही माणसं येतात. २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारला रो-रो बोट सुरू झाल्यापासून तर गाड्या घेऊन येतात. पैसे रोख, पाटी नाही, नोंद नाही.

म्हणजे रजिस्टरात दोन चुका होत्या. एक आमच्या विरुद्ध, एक आमच्या बाजूची. पाहणीला माणूस येणार, ओट्यावर बसणार, काकांचे दोन पाहुणे टॉवेल वाळत घालताना दिसणार. पुढे काय?

घरात दोन तट पडले. काका म्हणाले, अर्जच नको. आई म्हणाली, मी आधीच सांगितलं होतं. बाबा काहीच बोलेनात, आणि ते जास्त त्रासदायक होतं. मी स्वतः? खरं सांगतो, माझ्या डोक्यात आलं की पाहणीच्या दिवशी खोल्या रिकाम्या ठेवू. सोमवारी बोलावू. कोण बघतंय!

दुसरा शनिवार मी दातिवऱ्याला मामाकडे काढला. मामा पूर्वी एकदा ग्रामपंचायत सदस्य होता. ओट्यावर बसून त्याला सगळं सांगितलं. त्याने आधी तक्रार ऐकून घेतली आणि मग उलट विचारलं, "तू बोल्लास, नोंद चुकली. मग तुला नोंद बरोबर करायची हाय का बिल कमी करायचंय? दोन येगळी कामं हायेत ती." मग त्याने त्याच्या वेळच्या गोष्टी सांगितल्या. रस्त्याचे दिवे गेले की बल्बला पैसे नसायचे. वसुली निघाली की गरीब माणूस पहिल्या दिवशी भरायचा, आणि ज्यांचे बंगले ते म्हणायचे 'बघू'.

बंगल्यांवरून आठवलं. आमच्या ओळीच्या खाली दोन ओळी सोडून त्याच पानावर एक बंगला होता. आम्ही सगळे ओळखतो तो, दुमजली, मागे पोहण्याचा हौद, गेटवर 'वीकेंड स्टे' ची पाटी. रजिस्टरात तो फक्त तळमजल्याचा, विटा-सिमेंटचा आणि निवासी होता. आणि त्याच पानावर शेजारच्या काकूचं घर. काकू सुकी मासळी विकते, नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली. घर कुडाचं, एक खोली आणि पडवी. रजिस्टरात : विटा-सिमेंट. चाळीस रुपयांच्या आत यायची ती घरपट्टी २३१ आली होती आणि काकूने ती पहिल्याच आठवड्यात भरून टाकली होती. मी तिला म्हटलं, काकू, हे चुकलंय. ती म्हणाली, "छापील हाय ना रे बाला, मग बरोबरच असेल."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. मी दिवसभर छापील गोष्टी चुकवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या धंद्यात आहे. मला माहीत आहे की स्क्रीनवर दिसणारा आकडा कोणीतरी कंटाळलेल्या माणसाने कुठेतरी भरलेला असतो. काकूला हे माहीत नाही. माहीत असलेला मी मात्र 'सोमवारी बोलावू' असा विचार करत होतो.

त्या रात्री मामाकडेच फोनवर हिशेब केला. दोन खोल्या वाणिज्य दाखवल्या तर किती वाढेल? २५ मीटरचं मूल्य १,६२,५००. घरपट्टी १२१.८७. भारांक १.२५. वाढ : तीस रुपये सत्तेचाळीस पैसे.

मी दोनदा केला. तीस रुपये सत्तेचाळीस पैसे! ज्याच्यासाठी घरात आठवडाभर तोंडं फिरली होती, ज्याच्यासाठी मी खोटं बोलायची तयारी करत होतो, ते वर्षाला तीस रुपये होते. एका वडापावाचे. बाबांना लगेच फोन केला. ते आधी हसले, मग म्हणाले, "लिही. दोन्ही लिही." आणि काकांना त्यांनीच समजावलं. काकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. एकदा कागदावर आलं की आणखी चार खाती विचारायला येतील, ही भीती खरी आहे. पण पाटी न लावता धंदा करणाऱ्याला कोणीही कधीही दम देऊ शकतो, हेही खरंच. नोंद असलेला माणूस निदान ताठ बसतो.

तिसऱ्या शनिवारी बाबांनी स्वतःच्या सुबक अक्षरात अर्ज उतरवून काढला. त्याआधी शुक्रवारी रजा टाकून आम्ही पंचायत समितीत चौकशी करून आलो होतो. सोमवारी बाबांनी अर्ज देऊन पोच घेतली. पोच घ्याच, हे स्टोअरवाल्यांचं सांगणं. दीड महिन्याने भाऊसाहेब टेप घेऊन पाहणीला आले, आणि तेही शनिवारी. काकांचे पाहुणे ओट्यावर चहा पीत होते. भाऊसाहेबांनी मापं घेतली, कौलं पाहिली, आजीशी बोलले, दोन खोल्यांची नोंद केली आणि जाताना म्हणाले, "माझ्याकडे दोन गावं आणि एक कारकून आहे. रस्त्यावरून बघण्यावाचून गत्यंतर नसतं." मला त्यांचा राग आला नाही. आपल्याकडे टेस्टिंगला माणूस न देता रिलीज करायला लावतात तेव्हा आपणही हेच म्हणतो.

आता माझं मत. ते बिल कमी करण्याबद्दल नाही.

ग्रामपंचायतीला पैसा लागतो. दिवे, गटारं, कचरा आकाशातून येत नाही, आणि आपण शहरातले लोक गावी गेलो की पहिली तक्रार रस्त्याचीच करतो. घरपट्टी भरलीच पाहिजे. पण चुकीची नोंद पैसा वाढवत नाही, तो चुकीच्या माणसाकडून घेते. काकूकडून जे जास्तीचे गेले त्याच्या कितीतरी पट त्या बंगल्याकडून यायचे राहिले असणार. आणि जमिनीचे दर काही थांबणार नाहीत. वाढवण बंदराचं ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हापासून आमच्या भागात जमिनीशिवाय दुसरा विषय नसतो. दर वाढले की भांडवली मूल्य वाढणार, आणि त्याबरोबर चूकही वाढणार. आज १९१ रुपयांची असलेली काकूची चूक पुढे किती होईल?

म्हणून दर चार वर्षांनी फेरआकारणी होते तेव्हा यादी नुसती फलकावर लावून भागणार नाही. महसूल खातं सात-बाराचं चावडी वाचन करतं, तसं ग्रामसभेत घरपट्टीच्या यादीचं वाचन व्हावं. घर नंबर, क्षेत्रफळ, बांधकाम, वर्ष, वापर. मोठ्याने. गावाला प्रत्येक घर पाठ असतं. काकूचं घर विटांचं वाचलं तर दहा जण हसतील आणि बंगला एकमजली वाचला तर वीस जण खोकतील. याहून स्वस्त ऑडिट मला माहीत नाही. आम्ही येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी दिलाय.

तोवर आपल्यासारख्यांनी एक करायचं. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा नमुना ८ चा उतारा काढा आणि त्या चार-पाच रकान्यांवर बोट ठेवून पहा. चूक तुमच्या विरुद्ध असेल तर अर्ज करा, तेराशे रुपये किरकोळ वाटत असले तरी. तुमच्या बाजूची असेल तरीही करा. कदाचित तीसच रुपये निघतील. आणि शेजारच्या घराचा उतारा पण बघा. आपल्याला अर्ज लिहिता येतो, हा काही आपला पराक्रम नाही. ज्याला येत नाही त्याचा एक अर्ज लिहून द्यायला अर्धा तास पुरतो.

काकूचा अर्ज मी लिहिला. तिने सही केली, दोनदा पुसून विचारलं की यात कोणाचं वाईट नाही ना होणार. तिच्या अर्जावर अजून 'पाहणी बाकी' असाच शेरा आहे. दर महिन्याला बाबा जाऊन विचारून येतात.

आमचं नवं बिल या एप्रिलमध्ये आलं. पुन्हा सोमवार, पुन्हा स्टँडअप.

"सहाशे बासष्ट," बाबा म्हणाले. "आणि गेल्या वर्षीचे जास्तीचे यात वळते केलेत. हिशेब जुळतोय."

"काही भरायचे आहेत का? पाठवू?"

"नको रे. तू कॉल कर तुझा."